कंबरदुखीवर सीबीडी तेल: किती थेंब, कुठलं, आणि मुळात घ्यावं का?

केळीबाग रावेर
सोमवार, रात्री ९:४०

मोबाईलवर सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकाच्या, तेलाच्या जाहिराती धडाधड येताहेत. ‘नैसर्गिक, व्यसन नाही, साइड इफेक्ट नाही.’ जाणकारांनी नेमकं सांगावं.

माणूस ५८ वर्षांचा, काम केळीचे घड वाहण्याचं. कंबर तीन महिन्यांपासून धरलेली, दुखणं डाव्या कुल्ल्यापर्यंत उतरतं, पायात मुंग्या नाहीत. हृदयात स्टेंट. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन चालू, रात्री झोपेला क्लोनाझेपाम अर्धी. बाटलीवर ‘३० मिली, १५०० मिग्रॅ’ छापलंय. रोज किती थेंब? जेवणाआधी की नंतर? आणि पोलिसांचं काही लचांड?

औषधी काउंटर
सोमवार, रात्री १०:१५

थेंब मोजण्याआधी त्या १५०० च्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. सगळी गोम तिथेच आहे.

‘सीबीडी १५०० मिग्रॅ’ असेल तर हिशोब सोपा. ३० मिलीत १५०० म्हणजे मिलीला ५० मिग्रॅ. ड्रॉपरने मिलीचे साधारण २० थेंब पडतात, म्हणजे थेंबाला अडीच मिग्रॅ. दहा थेंब, २५ मिग्रॅ.

पण आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ‘विजया पत्र अर्क १५०० मिग्रॅ’ असतं. विजया म्हणजे भांग, पत्र म्हणजे पान. हे वजन अर्काचं, सीबीडीचं नव्हे. समजा त्या अर्कात सीबीडी ३० टक्के आणि टीएचसीही ३० टक्के आहे. मग थेंबाला सीबीडी पाऊण मिग्रॅ आणि टीएचसीही पाऊण मिग्रॅ. दहा थेंबांत साडेसात मिग्रॅ टीएचसी पोटात जातं. टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक. सवय नसलेल्या ५८ वर्षांच्या माणसाला तेवढ्यात गरगरतं, छातीत धडधडतं, रात्री लघवीला उठला तर तोल जाऊ शकतो. ‘सीबीडी घेतलं आणि चढली’ अशी तक्रार येते तिचं मूळ बहुधा इथे असतं.

म्हणून बाटलीच्या बॅच नंबरचा तपासणी अहवाल मागा. त्यात सीबीडी आणि टीएचसी वेगवेगळे, मिलीला किती मिग्रॅ ते हवं. सोबत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि कीटकनाशकंही, कारण भांगेचं झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. अहवालावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळत नसेल तर तो कागद वडे बांधायला ठेवा.

परदेशातही लेबलांची तऱ्हा वेगळी नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, निकाल २०१७ साली छापून आले. लेबलाप्रमाणे प्रमाण निघालं फक्त ३१ टक्क्यांत. २१ टक्क्यांत टीएचसी सापडलं.

भरीत पार्टी
मंगळवार, सकाळी ७:५०

किराणा वेबसाइटवर ‘हेम्प सीड ऑइल’ मिळतं, बरंच स्वस्त. खाली प्रतिक्रियांत लोक ‘कंबर मोकळी झाली’ लिहितात. तेच का हे?

औषधी काउंटर
मंगळवार, सकाळी ८:३०

नाही. ते भांगेच्या बियांचं तेल, खायचं तेल. करडई-तिळासारखंच, ओमेगा-३ जरा बरं. बीमध्ये सीबीडी जवळपास नसतंच. एफएसएसएआयने (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) २०२१ मध्ये बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली तेव्हा मर्यादाही घातली: किलोला सीबीडी जास्तीत जास्त ७५ मिग्रॅ. चहाचा चमचाभर तेल म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, त्यात फार तर एक तृतीयांश मिग्रॅ. चाचण्यांमध्ये वापरतात तसे ४०० मिग्रॅ हवे असतील तर सव्वापाच किलो तेल प्यावं लागेल. चटणीवर घाला, कंबरेच्या नावाने नको.

कलम पोटकलम
मंगळवार, सकाळी १०:०५

कायद्याचं थोडक्यात.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यात ‘कॅनबिस’ म्हणजे चरस, गांजा (फुलोऱ्याचे शेंडे) आणि त्यांचं मिश्रण. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. आयुर्वेदिक कंपन्या ‘पत्र अर्क’ लिहितात ते या फटीमुळे. पण पान मोकळं सुटलं असं समजू नका. भांग महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली येते, परवान्याशिवाय चालत नाही.

बाजारातलं कायदेशीर औषध ओळखायचं कसं? आयुष परवाना क्रमांक छापलेला हवा. भांग औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, धोतरा आणि बचनागाच्या पंगतीला बसते. त्यामुळे ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत बाटलीवर असलीच पाहिजे. ती नसेल आणि चिठ्ठीही मागितली नसेल तर तिथेच शंका घ्या. नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी आणि बिल बाटलीसोबत ठेवा.

परसात ‘औषधापुरतं एक रोप’ लावायचा विचार करणाऱ्यांसाठी: लागवडीला कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एका रोपालाही सूट नाही. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या कारवाया पेपरात वाचता ना, त्या याच कलमाखालच्या. उत्तराखंडात हेम्पला परवाने मिळतात, पण ते ०.३ टक्क्याहून कमी टीएचसीच्या वाणाला. परदेशातून पार्सल मागवणं म्हणजे विनापरवाना आयात, कलम २३. आणि हे घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवताना अंमल सापडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूपुरतंच नाही, अमली पदार्थालाही लागतं.

तापीकाठचा वैद्य
मंगळवार, दुपारी १:२०

‘आयुर्वेदात कंबरदुखीला भांग सांगितलीच आहे’ हे वाक्य जाहिरातीत फार फिरतं. विजया ग्रंथांत आहे, पण तिचा मुख्य वापर पचनाचा: दीपन (भूक वाढवणं), ग्राही (जुलाब आवरणं), आणि झोपेसाठी. जातिफलादि चूर्णात ती भरपूर असते आणि ते दिलं जातं ग्रहणीला, म्हणजे पचन बिघडून होणाऱ्या जुनाट जुलाबाला. विजया वापरण्याआधी शोधन लागतं. पानं पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुनःपुन्हा धुवायची, वाळवायची, तुपावर परतायची. अर्काच्या बाटलीत यातलं काय झालं ते लेबलावरून कळत नाही.

मात्र आधुनिक चाचण्यांवरून ‘उपयोग शून्य’ असा शिक्का मारायची घाईही नको. एकटा घटक काढून तपासला की वनस्पतीचं चित्र पुरं होत नाही.

मणक्याचा मिस्त्री
मंगळवार, दुपारी ३:४५

वैद्यबुवा, घटक आणि वनस्पती दोन्हींवर आकडे आहेत, म्हणून मांडतो.

नुसतं सीबीडी: मेलबर्नच्या एका रुग्णालयात कंबर अचानक धरल्यामुळे आलेल्या १०० जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ४०० मिग्रॅ सीबीडी, निम्म्यांना नुसतं तेल, बाकी नेहमीचे उपचार दोघांनाही. दोन तासांनी दुखण्याचा आकडा दहापैकी सीबीडीवाल्यांचा ६.२, नुसत्या तेलाचा ५.८. म्हणजे फरक नाहीच.

अख्खा अर्क: जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ८२० जणांवर भांगेच्या पूर्ण अर्काची चाचणी झाली, २०२५ मध्ये छापली. दुखणं १.९ ने उतरलं. खोट्या औषधानेही १.३ ने उतरलं. फरक ०.६. आणि त्या अर्कातला कामाचा घटक टीएचसी होता, सीबीडी नाममात्र. तो निकाल दाखवून सीबीडीचं तेल विकणं म्हणजे भरीत दाखवून भोपळा विकणं.

गिरणाकाठ
मंगळवार, संध्या. ६:१०

मेलबर्नची चाचणी एकाच डोसची आणि ताज्या दुखण्याची. तीन महिन्यांच्या कंबरेला ती कशी लावायची?

मणक्याचा मिस्त्री
मंगळवार, संध्या. ६:३५

हरकत बरोबर आहे, एवढ्यावर जुनाट दुखण्याचा निकाल देता येत नाही. पण जुनाट दुखण्यातही चित्र तेच. वेगवेगळ्या दुखण्यांवर सीबीडीच्या १६ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा १५ मध्ये ते खोट्या औषधापेक्षा सरस निघालं नाही. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची सूचना आहे की जुनाट दुखण्यासाठी सीबीडी चाचणीबाहेर देऊ नये. वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये वेदनेसाठी कॅनाबिनॉइडच्या (सीबीडी, टीएचसी यांसारख्या घटकांच्या) सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही.

सीबीडी अगदीच बिनकामाचं औषध नाही, हेही सांगतो. अमेरिकेत २०१८ मध्ये ते दुर्मीळ अपस्माराच्या दोन प्रकारांत मान्य झालं, २०२० मध्ये तिसऱ्या एका आजारातल्या झटक्यांसाठीही. पण तिथे डोस वजनाच्या किलोला दिवसाला १० ते २० मिग्रॅ. साठ किलोच्या माणसाला ६०० च्या वर. दहा थेंबांतले २५ मिग्रॅ त्याच्या जवळपासही नाहीत.

औषधी काउंटर
मंगळवार, रात्री ९:००

आता मूळ प्रश्नातल्या गोळ्यांकडे. माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच.

सीबीडी यकृतातली काही एन्झाइम अडवतं. क्लोपिडोग्रेल ही गोळी यकृतात गेल्यावरच ‘चालू’ होते आणि ती चालू करणारं मुख्य एन्झाइम सीवायपी२सी१९ आहे. सीबीडी नेमकं तेच दाबतं. गोळी पोटात गेली पण रक्त हवं तितकं पातळ राहिलं नाही, असा धोका राहतो, आणि स्टेंटवाल्याने तो का घ्यावा? अॅटोरव्हास्टॅटिनची पातळी वाढू शकते, त्यात स्नायू दुखले तर लोक त्यालाही कंबरदुखीच समजणार. क्लोनाझेपामसोबत गुंगी वाढते. नसांसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तरी तेच. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो.

सीबीडीने यकृताचे आकडे वाढतात हे अपस्माराच्या औषधातच दिसलंय, विशेषतः व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्याच दुसऱ्या गोळीसोबत. ब्रिटनच्या अन्न संस्थेने निरोगी माणसासाठी दिवसाची मर्यादा २०२० मध्ये ७० मिग्रॅ सांगितली होती, २०२३ मध्ये ती १० वर आणली. १० मिग्रॅ म्हणजे त्या बाटलीचे चार थेंब. दुखण्यावर काही होईल अशी आशा धरावी तर डोस मोठा लागतो, आणि निर्धोक म्हणावा तर चार थेंब.

जेवणाआधी की नंतर: सीबीडी तेलात विरघळतं. उपाशीपोटी घेतलं तर रक्तात जेमतेम ६ टक्के पोचतं, तेलकट जेवणासोबत ते चार-पाच पट वाढतं. म्हणजे सोमवारी काळ्या चहासोबत आणि मंगळवारी भरीत-पुरीवर घेतलेले दहा थेंब हे दोन वेगळे डोस आहेत. ‘एक दिवस लागू पडलं, दुसऱ्या दिवशी नाही’ यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

धुळेकर ७७
मंगळवार, रात्री ९:२५

सरळ सांगा ना भो, पैसा वाया जाई का नही?

औषधी काउंटर
मंगळवार, रात्री ९:३२

जाई. बाटली ३००० रुपयांची धरा, १५०० मिग्रॅ अस्सल सीबीडी धरा. मिग्रॅला दोन रुपये. मेलबर्नचा ४०० चा एक डोस ८०० रुपयांचा आणि त्याने फरक पडला नाही.

गिरणाकाठ
बुधवार, सकाळी ८:१०

तरी लोक घेणारच. निदान धडपणे कसं घ्यावं ते लिहा.

औषधी काउंटर
बुधवार, सकाळी ११:००

हे वरच्या स्टेंटवाल्यासाठी नाही. गरोदर, दूध पाजणाऱ्या, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असणाऱ्यांसाठीही नाही. दुसरी गोळी चालू नसलेल्या धडधाकट माणसाबद्दल बोलतोय, तेही डॉक्टर किंवा वैद्यांना सांगूनच.

आधी एसजीपीटी, एसजीओटी या यकृताच्या तपासण्या करून घ्या. बाटली उघडण्यापूर्वी सात दिवस वहीत दोन आकडे लिहा: संध्याकाळचं दुखणं दहापैकी किती, आणि सलग किती मिनिटं बसता येतं. दुसरा आकडा जास्त खरा असतो, तो मनाच्या खेळाला सहज भुलत नाही. मग रात्री जेवणानंतर ५ मिग्रॅ, रोज त्याच वेळी, साधारण सारख्याच जेवणावर. आठवड्याने १०, तिथेच थांबा. त्या चार आठवड्यांत नवा पट्टा, नवा मलम, नवा व्यायाम काही सुरू करायचं नाही, नाहीतर गुण कशाचा ते कळायचं नाही. चार आठवड्यांनी दुखणं निदान दोन आकड्यांनी उतरलं नसेल तर बाटली बंद. ‘अजून एक संपवून बघू’ इथेच खिसा कापला जातो. जुलाब, भूक मरणं, दिवसा पेंग ही लक्षणं डोस जास्त झाल्याची. लघवी गडद, डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी बंद आणि रक्ततपासणी.

सातपुडा सावली
बुधवार, दुपारी १२:१५

आणि वरून लावायचा सीबीडी बाम?

औषधी काउंटर
बुधवार, दुपारी १२:४०

कंबरेचा स्नायू कातडीखाली आणि चरबीखाली खोल, मणक्यांमधली गादी त्याहून आत. सीबीडी कातडीतच अडकतं. डबीची मागची बाजू वाचा: मेंथॉल, कापूर, विंटरग्रीन. थंड-गरम वाटतं ते त्यांचं काम, आणि ते साध्या बाममध्येही असतात. विंटरग्रीन म्हणजे मेथिल सॅलिसिलेट, वॉरफेरिनवाल्यांनी तेही जपून. बाम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजते.

चावडी (संपादक)
बुधवार, दुपारी २:००

‘घरपोच, चिठ्ठीशिवाय, रिझल्ट गॅरंटी’ असा एक प्रतिसाद नंबरासकट काढून टाकला आहे. विक्रीचे प्रतिसाद इथे नकोत.

मणक्याचा मिस्त्री
बुधवार, दुपारी ४:३०

आता घडाकडे येऊ, कारण दुखण्याचं मूळ बाटलीत नाही, बागेत आहे.

२५ किलोचा घड छातीला टेकवून धरला तर त्याचं वजन मणक्यापासून साधारण २५ सेंमीवर असतं. हात लांब करून, खोडाच्या पलीकडून ओढून घेतला तर ५० सेंमीवर. वजन तेच, कंबरेवरचा पीळ दुप्पट. त्यात वाफा ओला, पाय सरकतो, आणि माणूस पाय न हलवता कंबरेतून वळतो. वाकणं आणि वळणं एकाच वेळी झालं की मणक्यांमधली गादी तिथे मार खाते.

कापणाऱ्याने घड तोडण्याआधी वाहणाऱ्याचा खांदा घडाखाली आलेला हवा, घड खाली टेकवून मग उचलायची वेळच येऊ नये. जमिनीवरून उचलावाच लागला तर दोघांनी. वळायचं ते पावलं टाकून. गाडीत फळीच्या उंचीला भरणारा वेगळा ठेवा, वाहणाऱ्यानेच वर चढवायचा नाही. कांदेबागेची कटाई असो की मृगबागेची (केळी लागवडीचे दोन हंगाम), वाहण्याचं आणि पानं कापण्याचं काम तासाने आलटून पालटून द्या. कापूस वेचणीत कंबरेची ओटी चार-पाच किलोला रिकामी करा. नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर उकिडवं बसून देठ खुडणाऱ्यांना वीतभर उंचीचा पाट दिला तरी फरक पडतो.

व्यायाम दोनच, पण रोज. पहिला: हात-गुडघ्यांवर यायचं, उजवा हात आणि डावा पाय सरळ ताणून दहा सेकंद, मग उलट बाजू. सहा, चार, दोन अशा फेऱ्या, मध्ये श्वास. पाय पाठीपेक्षा वर गेला की कंबरेत खड्डा पडतो आणि दुखणं वाढतं, तेव्हा तो पाठीच्या रेषेतच ठेवा. दुसरा: सपाट रस्त्यावर १० मिनिटं झपझप चालणं, दिवसातून तीनदा. पलंगावर पडून राहणं दोन दिवसांच्या वर नको. झोळ पडलेली खाट वाईट, तशी नुसती फरशीही बरी नाही, मध्यम कडक गादी चांगली.

पाय लटका पडला, लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासल्याशिवाय मालिश करू नका.

तापीकाठचा वैद्य
बुधवार, संध्या. ७:१५

आकड्यांवर अडून बसत नाही. पण शेक मोडीत काढू नका. कटीबस्ती, म्हणजे कंबरेवर पिठाच्या कड्यात कोमट तेल ठेवणं, घरी होते, स्टेंटवाल्यालाही चालते.

उडदाचं पीठ अर्धा किलो, घट्ट मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. माणूस पालथा, पोटाखाली पातळ उशी. पिठाची वळी करून कंबरेवर कडं बसवा, दोन इंच उंच. आतली कड ओल्या बोटाने कातडीला दाबून घ्या, गळती तिथूनच होते. तेल पावशेराच्या आत-बाहेर, महानारायण किंवा साधं तिळाचं. ते विस्तवावर नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून तापवायचं आणि आपल्या मनगटावर पाहून मग कड्यात सोडायचं. निवलं की कापसाने टिपून काढा आणि गरम ओता. अर्धा तास, सलग सात दिवस. मधुमेहात कातडी बधिर असेल तर नको, भाजलेलं कळत नाही.

आणि एक. आठवडी बाजारात कंबरदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात. एका दिवसात कंबर सुटली, भूक वाढली, आठवड्या-पंधरवड्यात तोंड सुजलं, साखर चढली, तर पुडीत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असल्याचा दाट संशय घ्या. महिन्यांपासून घेत असेल तर एकदम बंदही करू नका, बीपी कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

केळीबाग रावेर
बुधवार, रात्री ९:०५

बाटली परत पाठवायला काढली. कटीबस्तीचं कडं दुसऱ्या दिवशी तेच वापरायचं की नवं?

तापीकाठचा वैद्य
बुधवार, रात्री ९:२०

नवं. तेल मुरलेलं पीठ फुटतं आणि रात्रीत आंबतं. तेल मात्र गाळून दोन-तीन दिवस चालेल, त्याच माणसाला.